टिपेच्या आधी फॉर्म: महालक्ष्मीवरील एका दिवसाच्या शर्यतींचा अभ्यास कसा करावा

शर्यतीच्या दिवशी सकाळच्या वर्तमानपत्रांत तीन-चार जाणकारांच्या टिपा शेजारीशेजारी छापून येतात, आणि त्या नीट पाहिल्या तर बहुतेक शर्यतींत सर्वांनी त्याच दोन-तीन घोड्यांची नावे क्रम बदलून लिहिलेली आढळतात. यात जाणकारांचा दोष नाही. प्रत्येक शर्यतीत तीन नावे देणे हे त्यांचे कामच असते, मग ती शर्यत अंदाज बांधण्याजोगी असो वा नसो. टीप पैसे लावणाऱ्याला घोड्याचे नाव सांगते, पण तो का जिंकेल आणि कोणत्या भावाला त्याच्यावर पैसे लावणे परवडेल, हे सांगत नाही. म्हणून अभ्यास आधी करावा, आपला क्रम कागदावर लिहावा आणि टिपांचा रकाना त्यानंतर उघडावा. टीप आधी वाचली की पुढचा सारा अभ्यास तिच्या समर्थनार्थ पुरावे गोळा करण्यातच जातो.

खालील पद्धत रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या मुंबई हंगामासाठी, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल या काळासाठी, लिहिली आहे. महालक्ष्मीचा ट्रॅक १८८३ पासूनचा आहे, धाव हिरवळीवर होते आणि घोडे उजव्या हाताला वळतात. पुण्याचा पावसाळी हंगाम संपला की तेथील बहुतेक घोडे मुंबईला येतात, आणि या स्थलांतरातच फॉर्म, म्हणजे घोड्याची आजवरची कामगिरी, वाचणाऱ्याची पहिली परीक्षा होते. तिच्याकडे पुढे येऊच.

आदल्या संध्याकाळी: कोणत्या शर्यती सोडायच्या

अंतिम कार्ड, म्हणजे दिवसाच्या शर्यती आणि घोड्यांची छापील यादी, हाती आले की सर्वप्रथम संपूर्ण दिवसावरून एकदा नजर फिरवावी आणि ज्या शर्यतींत आपल्याला मत बनवता येणार नाही त्यांच्यावर पेन्सिलीने काट मारावी. हंगामाच्या आरंभी होणाऱ्या, पूर्वी कधीच न धावलेल्या किंवा एकदाच धावलेल्या घोड्यांच्या मेडन (एकही विजय न मिळवलेल्यांसाठीच्या) शर्यती पहिल्या काटेत जाव्यात. तेथे हाताशी वंशावळ आणि सकाळच्या सरावाच्या वेळा यांपलीकडे काहीच नसते, आणि घोड्याविषयीची खरी माहिती तबेल्याच्या आत असते. त्याचप्रमाणे पाचव्या, म्हणजे सर्वांत खालच्या वर्गातील, वर्षानुवर्षे एकमेकांना आलटून पालटून हरवणाऱ्या वयस्कर घोड्यांची गर्दी असलेली शर्यतही सोडून द्यावी. अशा शर्यतीचा निकाल लागल्यानंतर कारणे चटकन सुचतात, आधी मात्र कोणालाच सुचत नाहीत. दिवसाच्या सात-आठ शर्यतींपैकी दोन-तीनच हाती उरल्या तरी हरकत नाही. ज्यांना जॅकपॉट किंवा ट्रेबल लावायचे असते त्यांना ही सूट मिळत नाही, कारण ठरलेल्या सलग शर्यतींचे विजेते सांगावेच लागतात. नवशिक्याने या पैजांपासून दूर राहावे असे माझे मत आहे, आणि ते केवळ याच कारणासाठी आहे.

वर्ग, रेटिंग आणि वजन

उरलेल्या शर्यतींचा खरा अभ्यास हँडिकॅपपासून, म्हणजे घोड्यांना दिलेल्या वजनाच्या हिशेबापासून, सुरू होतो. प्रत्येक धावलेल्या घोड्याला क्लबचा हँडिकॅपर एक आकडा देतो, तो म्हणजे रेटिंग. पाचव्या वर्गात १ ते २६, चौथ्यात २० ते ४६, तिसऱ्यात ४० ते ६६, दुसऱ्यात ६० ते ८६ आणि पहिल्यात ८० व त्यापुढे, अशी ही उतरंड आहे. रेटिंगमधील प्रत्येक गुणाला अर्धा किलो वजन, हा हिशेब एकदा पक्का झाला की कार्डावरील वजनाचा रकाना बोलू लागतो. चौथ्या वर्गात ४६ चा घोडा आणि २० चा घोडा एकत्र धावले तर त्यांच्यात १३ किलोंचा फरक पडतो. सर्वांना शेवटच्या खांबाजवळ एका रेषेत आणण्याची ही योजना आहे, आणि हँडिकॅपरचा अंदाज कोठे चुकला आहे ते शोधणे हेच फॉर्म वाचणाऱ्याचे काम आहे.

वर्गांच्या कडा एकमेकांवर चढलेल्या आहेत, याकडे नवखे लोक सहसा दुर्लक्ष करतात. ४४ रेटिंगचा घोडा चौथ्या वर्गात जवळजवळ सर्वाधिक वजन घेऊन धावू शकतो किंवा तिसऱ्या वर्गात जवळजवळ सर्वांत हलक्या वजनाने. कोणता मार्ग घ्यायचा ते प्रशिक्षक ठरवतो, आणि त्याच्या निवडीतून पुष्कळ काही कळते. मोठा, रुंद छातीचा घोडा ६० किलो घेऊनही दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांना चिरडू शकतो, तर लहान चणीच्या घोडीला ५० किलो देऊन वरच्या वर्गात धावू देणे शहाणपणाचे ठरते. एखाद्या प्रशिक्षकाने नेहमीची वाट सोडून दुसरी धरली, तर ते का, हा प्रश्न वहीत लिहून ठेवावा.

वजनाचा हिशेब प्रत्यक्ष करून पाहू. उदाहरण काल्पनिक आहे, आकडे मात्र महालक्ष्मीवर रोज दिसतात तसेच घेतले आहेत. तीन आठवड्यांपूर्वी चौथ्या वर्गात १२०० मीटरवर ‘अ’ या घोडीने ५४ किलो घेऊन ‘ब’ या घोड्याला दोन लांबींनी (लांबी म्हणजे एका घोड्याच्या शरीराएवढे अंतर) हरवले. ‘ब’च्या पाठीवर ५७ किलो होते. त्या वेळी ‘अ’चे रेटिंग ३० आणि ‘ब’चे ३६. विजयानंतर हँडिकॅपरने ‘अ’ला आठ गुण वाढवून ३८ वर नेले आणि ‘ब’चा एक गुण कमी करून त्याला ३५ वर आणले. आता दोघे पुन्हा त्याच अंतरावर समोरासमोर आले आहेत. मागच्या वेळी ‘अ’ला तीन किलोंची सवलत होती, आज तीच दीड किलो जास्त घेऊन धावणार आहे, म्हणजे पारडे एकूण साडेचार किलोंनी ‘ब’च्या बाजूला झुकले. छोट्या अंतरावर एक लांबी म्हणजे सुमारे दीड किलो असा ढोबळ हिशेब धरला जातो, १६०० मीटरच्या आसपास तो एका किलोवर येतो आणि त्याहून लांब अंतरावर आणखी कमी होतो. दोन लांबींचे तीन किलो वजा केल्यावर ‘ब’कडे दीड किलो, म्हणजे एक लांबी, शिल्लक उरते. कागदावर आज ‘ब’ जिंकायला हवा.

परंतु कागद येथेच संपतो. ‘अ’ दोन लांबींनी जिंकली ती कशी? शेवटच्या शंभर मीटरांत जॉकीने हात सैल सोडले होते आणि ती स्वतःच्या मर्जीने धावत आली असेल, तर त्या दोन लांबी प्रत्यक्षात चार-पाच होत्या आणि वरचा सगळा हिशेब उलटतो. उलट ती चाबकाच्या जोरावर, थकत थकत पोहोचली असेल तर दोन लांबी म्हणजे दोनच लांबी. याचे उत्तर निकालाच्या तक्त्यात मिळत नाही, ते शर्यतीच्या चित्रफितीत असते.

मागील धावा वाचताना

कार्डावर घोड्याच्या नावापुढे छापलेले आकडे, उदाहरणार्थ ‘४-७-२’, ही केवळ अनुक्रमणिका आहे. सातवा आलेला घोडा दुसऱ्या आलेल्या घोड्यापेक्षा चांगला धावला असू शकतो. प्रत्येक आकड्यामागे चार गोष्टी पाहाव्यात: वर्ग कोणता होता, अंतर किती होते, पाठीवर वजन किती होते आणि विजेत्यापासून तो किती लांबी मागे राहिला. सात घोड्यांत तीन लांबींनी सातवा आलेला घोडा बाद करण्याजोगा नाही. पाच घोड्यांत बारा लांबींनी दुसरा आलेला मात्र संशयास्पद आहे.

त्यानंतर क्लबच्या संकेतस्थळावरील चित्रफीत पाहावी आणि तीही दोनदा. पहिल्यांदा शर्यत म्हणून पाहावी, दुसऱ्यांदा फक्त आपल्या घोड्यावर नजर ठेवून. गेट उघडताना तो मागे राहिला का, वळणावर बाहेरून तीन-चार घोड्यांची रुंदी सोडून धावावे लागले का, शेवटच्या सरळ पट्ट्यात पुढे वाट न मिळाल्याने जॉकीला लगाम ओढावा लागला का, या गोष्टी टिपून घ्याव्यात. अशी अडवणूक झालेला घोडा पुढच्या वेळी दुर्लक्षित भावात मिळतो, आणि फॉर्म वाचणाऱ्याची खरी कमाई बहुतांशी अशाच घोड्यांवर होते. शर्यतीनंतर प्रसिद्ध होणारा स्टुअर्डांचा, म्हणजे शर्यतीवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांचा, अहवालही आवर्जून वाचावा. घोडा आतल्या बाजूला झुकत होता, नाकातून रक्त आले, नाल निखळली, अशा नोंदी त्यात असतात. नाकातून रक्त आलेल्या घोड्याविषयी अधिक सावध असावे, कारण तो विश्रांतीनंतर ताजातवाना दिसला तरी शेवटच्या टप्प्यात पुन्हा कच खाण्याची शक्यता असते.

धावेची वेळ हे दुय्यम साधन मानावे. महालक्ष्मीवर १२०० मीटरची शर्यत साधारण एक मिनिट दहा ते बारा सेकंदांत संपते, १६०० मीटरची एक मिनिट सदतीस ते चाळीस सेकंदांत. पण संथ सुरुवात झालेल्या शर्यतीत उत्तम घोडाही सामान्य वेळ नोंदवतो. वेळेचा उपयोग त्याच दिवशी, त्याच अंतरावर झालेल्या दोन शर्यतींची तुलना करण्यापुरता करावा: चौथ्या वर्गातील विजेत्याने तिसऱ्या वर्गातील विजेत्याइतकीच वेळ दिली असेल, तर त्याच्या नावाखाली रेघ ओढायला हरकत नाही.

जमीन, रेल आणि वेग

आता पुणे-मुंबई स्थलांतराकडे येऊ. ट्रॅकची जमीन किती मऊ आहे हे पेनेट्रोमीटरने मोजून शर्यतीच्या दिवशी जाहीर केले जाते. आकडा जितका मोठा तितकी जमीन मऊ. पावसाळ्यात पुण्याची हिरवळ भिजलेली असते, तेथे पाय रुततात आणि दमदार, ताकदवान घोड्यांचे फावते. मुंबईच्या हिवाळ्यात जमीन कोरडी व वेगवान असते आणि हलक्या पावलांच्या घोड्यांना ती भावते. त्यामुळे पुण्यात ऑगस्टमध्ये मिळवलेले दोन विजय डिसेंबरच्या महालक्ष्मीवर जसेच्या तसे धरू नयेत. त्याऐवजी त्याच घोड्याने गेल्या वर्षीच्या मुंबई हंगामात काय केले ते शोधावे. याचा दुसरा पैलू असा की पुण्यात अपयशी ठरल्याने ज्याचे रेटिंग दहा-बारा गुणांनी घसरले आहे, पण ज्याचे जुने विजय मुंबईच्या कडक जमिनीवरचे आहेत, असा घोडा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सोन्यासारखा असतो.

ड्रॉचा, म्हणजे सुरुवातीच्या गेटमधील जागेच्या क्रमांकाचा, विचार अंतराच्या संदर्भात करावा. वळण लवकर येणाऱ्या शर्यतीत आतल्या बाजूचा क्रमांक उपयोगी पडतो, लांब अंतरावर त्याचे महत्त्व कमी होते. हिरवळ जपण्यासाठी कधी कधी फॉल्स रेल, म्हणजे तात्पुरता कठडा, लावून धावपट्टी बाहेर सरकवली जाते. तशी सूचना कार्डावर असते, आणि त्या दिवशी पुढे धावणाऱ्या घोड्यांना मागे टाकणे अधिक अवघड जाते असा माझा समज आहे. पहिल्या दोन शर्यती पाहून तो त्या दिवसापुरता तपासून घ्यावा.

यानंतर शर्यतीचा वेग मनात मांडून पाहावा. कार्डातील प्रत्येक घोड्यापुढे ‘पुढे’, ‘मध्ये’ किंवा ‘मागे’ असे लिहावे. आठ जणांत एकच घोडा पुढे धावणारा असेल, तर त्याला मोकळे रान मिळते, तो स्वतःच्या वेगाने धावतो आणि शेवटच्या दोनशे मीटरांसाठी ताकद राखून ठेवतो. पुढे धावणारे तिघे-चौघे असतील तर ते एकमेकांना दमवतात आणि मागून येणाऱ्याचे काम सोपे होते. आपल्याकडे अनेक शर्यतींत मोजकेच घोडे धावतात, त्यामुळे हा एक मुद्दा कित्येकदा रेटिंगवरही मात करतो.

सराव, तबेला आणि जॉकी

सकाळच्या सरावाच्या वेळा ‘६००/३८’ अशा रूपात छापल्या जातात, म्हणजे शेवटचे ६०० मीटर ३८ सेकंदांत. नवखा माणूस सर्वांत कमी सेकंदांवर बोट ठेवतो, पण खरी माहिती शेजारच्या दोन-तीन शब्दांत असते: सहज धावला, जोर लावावा लागला, सोबत्याला मागे टाकले. सहज धावून दिलेले ३९ सेकंद हे ढकलून काढलेल्या ३७ सेकंदांपेक्षा मोलाचे असतात. सरावात पाठीवर कोण होते हेही पाहावे; सराव-रायडर आणि शर्यतीचा जॉकी यांच्या वजनांत फरक असतो. बऱ्याच विश्रांतीनंतर परतणाऱ्या घोड्याने मॉक रेस (सरावाची लुटुपुटूची शर्यत) धावली असेल तर तिची नोंद शोधावी, कारण तंदुरुस्तीचा तो सर्वांत विश्वासार्ह पुरावा आहे.

एकाच प्रशिक्षकाचे दोन घोडे शर्यतीत असतील तर तबेल्याचा पहिला जॉकी कोणावर बसला आहे ते पाहणे स्वाभाविक आहे. मात्र लोक एवढेच पाहतात, म्हणून दुसऱ्या घोड्याचा भाव अनेकदा अवाजवी वाढतो. शिकाऊ जॉकीला वजनात सवलत मिळते. छोट्या अंतरावर, सरळसोट पुढे धावणाऱ्या घोड्यासाठी ती सवलत फायद्याची असते. अडेल, युक्तीने हाताळावा लागणाऱ्या घोड्यावर तीच महागात पडते. पहिल्यांदाच ब्लिंकर (डोळ्यांच्या बाजूची झापडे) लावले असतील तर खूण करावी. नजर इकडेतिकडे भरकटणाऱ्या घोड्यात त्यामुळे एका शर्यतीत लक्षणीय सुधारणा होऊ शकते.

पॅडॉकमध्ये पाच मिनिटे

घरबसल्या केलेला अभ्यास येथे पडताळून पाहावा लागतो, आणि त्यासाठी शर्यतीच्या आधी पॅडॉकमध्ये घोडे फिरवले जातात तेव्हा कठड्याशी उभे राहावे. सईस घोड्याला चालवत असतो तेव्हा घोड्याची मान सैल आणि पाऊल लांब असावे. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशापलीकडे पडत असेल तर ते उत्तम लक्षण होय. कातडीवर चकाकी असावी आणि शेवटच्या दोन फासळ्या अंधूक दिसाव्यात. पोट सुटलेले असेल तर घोड्याला अजून एका धावेची गरज आहे. मानेवरचा थोडा घाम मुंबईच्या दमट हवेत मनावर घेऊ नये, परंतु मागच्या मांड्यांमध्ये साबणासारखा पांढरा फेस दिसला, शेपटी सतत झटकली जात असली आणि सईसाला दोन्ही हातांनी लगाम धरावा लागत असला, तर त्या घोड्याची निम्मी शर्यत पॅडॉकमध्येच संपली असे समजावे. काही घोडे मात्र प्रत्येक वेळी असेच वागतात आणि तरी जिंकतात. म्हणून एखाद्या घोड्याचे आजचे वागणे त्याच्याच मागच्या वेळच्या वागण्याशी ताडून पाहावे.

भाव: शेवटचा आणि निर्णायक टप्पा

आता आपल्याकडे तीन नावांचा क्रम आहे. प्रत्येकाची जिंकण्याची शक्यता टक्क्यांत लिहावी आणि मगच रिंगमधील, म्हणजे बुकी बसतात तेथील, भावांच्या फळ्यांकडे पाहावे. रुपयाला रुपया भाव (एक रुपया लावून एक रुपया नफा) म्हणजे पन्नास टक्के शक्यता, रुपयाला दोन म्हणजे तेहतीस टक्के, रुपयाला चार म्हणजे वीस टक्के. सहा घोड्यांच्या शर्यतीत रुपयाला एक, दोन, चार, सहा, दहा आणि पंधरा असे भाव लागले, तर त्यांच्या टक्क्यांची बेरीज १३३ च्या आसपास भरते. शंभराच्या वरचे हे ३३ टक्के म्हणजे बुकीची ढाल. आपल्या मते तीस टक्के शक्यता असलेल्या घोड्याला रुपयाला दोन भाव मिळत असेल तर तो घोडा कितीही आवडला तरी सोडावा. रुपयाला साडेतीन किंवा चार मिळत असेल तर विचार करावा.

टोटवर, म्हणजे सर्वांच्या पैजा एकत्र जमा होणाऱ्या यंत्रणेत, भाव आधी निश्चित नसतो. तेथे जमलेल्या रकमेतून कपात होऊन उरलेली रक्कम जिंकलेल्या तिकिटांत वाटली जाते. पैजांचे प्रकार पुष्कळ आहेत: विन (घोडा पहिला येणे), प्लेस (पहिल्या काही क्रमांकांत येणे), दुसऱ्या क्रमांकाचा पूल, फोरकास्ट (पहिले दोन घोडे क्रमाने), पहिले तीन घोडे अचूक क्रमाने सांगण्याचा टनाला. अभ्यासावर विसंबणाऱ्याने विन आणि प्लेस यांच्या पलीकडे फारसे जाऊ नये. क्रम जितका लांब सांगायचा तितका योगायोगाचा वाटा वाढतो.

करांचा हिशेब या टप्प्यावर प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. शर्यतींवरील पैजांना २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी लागू झाला आहे आणि दहा हजार रुपयांवरील जिंकलेल्या रकमेतून तीस टक्के प्राप्तिकर कापला जातो. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ मानले हे खरे, परंतु एवढा कर भरून दीर्घकाळ नफ्यात राहण्याइतके कौशल्य फार थोड्यांकडे असते. म्हणून दिवसाची रक्कम घरून निघतानाच ठरवावी, ती गमावली तरी महिन्याच्या खर्चाला धक्का लागू नये, आणि हरलेली रक्कम शेवटच्या शर्यतीत भरून काढण्याच्या नादी लागू नये. पैज परवानाधारक ठिकाणीच लावावी. फोनवरून पैसे घेणारा गल्लीतला बुकी बेकायदा असतो आणि त्याच्याकडून येणे वसूल करण्याचा कोणताही मार्ग नसतो. ‘आतली बातमी’ म्हणून स्टँडमध्ये कानात सांगितल्या जाणाऱ्या टिपांचेही तसेच: ती आपल्यापर्यंत पोहोचते तेव्हा भाव चारावरून दीडवर आलेला असतो, आणि त्या भावाला खरी बातमीदेखील वरातीमागून निघालेले घोडेच असते.

दुसऱ्या दिवशी

वहीत प्रत्येक पैजेसमोर घोड्याचे नाव, मिळालेला भाव, आपण धरलेली टक्केवारी आणि एका ओळीत कारण लिहावे. निकाल लागल्यावर कारण खरे ठरले की नाही एवढेच तपासावे. घोडा जिंकला पण आपण सांगितलेल्या कारणाने जिंकला नाही, तर ती नोंद चुकीच्या बाजूला टाकावी. ज्यांच्यावर पैसे लावले नव्हते त्या शर्यतींच्या चित्रफिती याच वेळी पाहाव्यात, कारण तेव्हा कोणाही घोड्याविषयी ममता नसते आणि वाट अडलेला, उशिरा सुटलेला, बाहेरून धावावा लागलेला घोडा चटकन नजरेत भरतो. अशी चार-पाच नावे वेगळ्या पानावर ठेवावीत, त्यांच्यासमोर योग्य अंतर व जमीन लिहावी, आणि पुढील आठवड्याच्या नोंदी जाहीर झाल्या की प्रथम ते पान उघडावे.